सर्दी कुणाची?

आमच्या दवाखान्यात दिवसाला तीन किस्से घडतात. त्यातला एक मी जेवताना आमच्या रशीदचाचांना सांगते, एक घरी नवऱ्याला सांगते आणि तिसरा विसरून जाते. अकरा वर्षांत असे किती तिसरे गेले असतील याचा हिशेब नाही, म्हणून म्हटलं आता लिहूनच काढावेत. नवरा म्हणतो, तू दवाखान्यात जातेस की तमाशाला? मी म्हणते, दोन्ही!

लातुरात छातीच्या विकारांचा छोटा दवाखाना आहे आमचा. आठ खाटा, एक ओपीडी, एक फुंकायची मशीन. पेशंटच्या फुप्फुसात किती दम आहे हे मोजणाऱ्या त्या मशीनवर मी असते. "फुंका, फुंका, सोडू नका, अजून थोडं!" असं दिवसातून चाळीस वेळा ओरडते. घरी नवरा चहावर फुंकर मारायला लागला तरी माझ्या तोंडून "अजून थोडं" निघून जातं. पेशंट मला मीनाताई म्हणतात, काही जण फुंकणीवाली बाई म्हणतात.

दुसरे रशीदचाचा. कम्पाउंडर म्हणा, मॅनेजर म्हणा, दवाखान्याचा कणा म्हणा. नंबर पुकारणं, गोळ्या समजावणं, वाफारा लावणं हे सगळं त्यांच्याकडं. तिसरे आमचे सर, म्हणजे डॉक्टर. शांत माणूस. पण त्यांचा एक हट्ट आहे, आणि सगळे किस्से त्या हट्टापायीच घडतात.

दम्याचा नाहीतर ब्राँकायटिसचा पेशंट धापा टाकत आला, की सर त्याला पहिला प्रश्न विचारतात, "सर्दी कुणाची?"

पेशंट म्हणतो, थंड पाणी प्यालो. सर मान हलवतात. पेशंट म्हणतो, केळं खाल्लं. सर परत मान हलवतात. त्यांचं म्हणणं असं, की छाती आधीच नाजूक असते, त्यात कुणाची तरी सर्दी नाकातून खाली उतरते, नळ्या सुजतात, कफ भरतो आणि श्वास अडकतो. निरोगी माणसाला चार दिवसांचा शेंबूड, यांना चार दिवसांचा ऑक्सिजन! मग ती सर्दी ज्या माणसाकडून आली त्याचं नाव केसपेपरवर लाल शाईनं लिहायचं. नाव कळलं की पुढच्या वेळी त्याला लांब ठेवता येतं. केळ्याला लांब ठेवून काही होत नाही.

* * *

शिरूर अनंतपाळकडची एक आजी आली होती. छाती शिट्टी मारत होती. सरांनी विचारलं, "आजी, सर्दी कुणाची?"

आजी गप्प. नातवाची का? मान हलली. सुनेची का? मान हलली. मग घरात आहे तरी कोण? आजीनं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला आणि खाली बघत म्हणाली, "त्येंची."

सर शहरात वाढलेले. ते विचारत राहिले, त्यांची म्हणजे कुणाची, नाव सांगा. आजीला मेलं तरी नवऱ्याचं नाव घ्यायचं नव्हतं. धाप लागलेली, ओठ काळेनिळे, पण नाव नाही! शेवटी बाहेरच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यानं अशी सणसणीत शिंक दिली की खिडकीची काच हलली. आजी म्हणाली, "ह्येच की."

चाचांनी केसपेपरवर लाल शाईनं लिहिलं, "त्येंची." आजही आमच्याकडं नवऱ्याकडून आलेल्या सर्दीला हाच शब्द आहे. वर्षाकाठी बऱ्याच निघतात.

* * *

सगळ्यांत जास्त लाल शाई मात्र हणमंतमामांच्या केसपेपरवर. निलंग्याजवळच्या खेड्यातले, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. तीस वर्षं बसची धूळ आणि तेवढीच वर्षं बिडी. बिडी सुटली, पण छातीनं हिशोब ठेवला होता. दर थंडीत कुणाची तरी सर्दी यायची आणि मामा आमच्या तीन नंबरच्या खाटेवर यायचे.

पहिल्यांदा आले तेव्हा सरांनी त्यांना पंप दिला होता, रोज सकाळ-संध्याकाळ दोनदा ओढायचा. तीन महिन्यांनी मामा परत धापा टाकत आले. चाचांनी पंप बघायला मागितला. मामांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला पंप काढला. त्यावर हळद होती, कुंकू होतं, आणि तोंडाशी झेंडूची एक वाळलेली पाकळी चिकटलेली होती. मागचा आकडा बघितला तर एकसुद्धा डोस कमी झालेला नव्हता.

झालं असं, की कंडक्टर मंडळी खंडेनवमीला तिकिटाच्या मशीनची, घंटीच्या दोरीची पूजा करायची. मामा रिटायर झाले तरी सवय गेली नाही. आता पूजेला हत्यार काय, तर पंप! जिवाचं हत्यार म्हणून त्यांनी त्याला पाटावर बसवला आणि तेव्हापासून तो नुसता खिशात ठेवला. "जवळ असला की बरं वाटतंय," असं त्यांचं म्हणणं.

चाचा म्हणाले, "मामा, ये पूजने का नइ, खींचने का है."

मामा त्या दिवसापासून शिकले. आणि एकदा शिकल्यावर कधी चुकले नाहीत. गावातल्या आणखी दोघांना त्यांनीच पंप ओढायला शिकवलं, दोघांकडून आमच्यासमोर करवूनही दाखवलं. पण पंप घेतला म्हणून दुसऱ्याची सर्दी थांबत नाही, हे त्यांना फार जड गेलं.

कारण मामांचा जीव पूजात होता. पूजा त्यांची नात. मुलगा-सून पुण्याला कामाला, पोर लहानपणापासून आजी-आजोबांजवळ वाढलेली. ती नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला गेली आणि त्यांच्या घरातली, भावकीतली पहिली इंजिनिअर व्हायला निघाली. मामांना एकच गोष्ट बघायची होती, पूजा काळा गाऊन घालून पदवी घेताना. ते प्रत्येक चेकअपला सरांना विचारायचे, "साहेब, तवर निभंल का?" सर म्हणायचे, थंडीत सर्दी टाळा, निभेल.

पण हॉस्टेल म्हणजे सर्दीचं आगार. पूजा दिवाळीला यायची तीच नाकाला रुमाल लावून. एक वर्षी ती ओसरीवर झोपली आणि मामा आतल्या खोलीत. एक वर्षी ती फाटकातूनच परत मैत्रिणीच्या गावाला गेली. आजोबाला भेटायला आलेली पोर आजोबाला जपायचं म्हणून लांब उभी राहायची, आणि हे आम्हीच तिला शिकवलं होतं. मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटायचं.

* * *

आमच्याकडं माणूस दवाखान्यात ठेवला की भेटायला जावंच लागतं. लग्नाला नाही गेलं तर चालतं, पण दवाखान्यात नाही गेलं तर सात पिढ्यांचा राग. तर मामा तिसऱ्यांदा ॲडमिट होते तेव्हा गावाकडून एक जीप आली. जीपमधून अकरा माणसं उतरली. केळी, बिस्किटं, आणि अकरांपैकी चौघांना खोकला! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

सगळे खाटेभोवती गोल करून बसले. मामा शुक्रवारी बरे होऊन घरी गेले आणि मंगळवारी परत आले. सरांनी विचारलं, सर्दी कुणाची? मामा म्हणाले, "साहेब, एकाचं नाव घेतलं तर बाकीचे तिघं रुसतील."

दुसऱ्या दिवशी सरांनी दारावर मोठ्या अक्षरात पाटी लावली, सर्दी-खोकला असणाऱ्यांनी भेटायला येऊ नये. संध्याकाळी मामांचे मेव्हणे आले. शर्टाच्या बाहीनं नाक पुसत त्यांनी पाटी सावकाश, मोठ्यानं, शेवटपर्यंत वाचली. मग आत शिरले. मी दारातच अडवलं तर म्हणाले, "ते पाव्हण्यारावळ्यांसाठी हाय, बाई. आम्ही घरचे."

* * *

एकदा खुद्द चाचाच शिंकत आले. वीस वर्षांत त्यांनी सुट्टी घेतली नव्हती. सरांनी दारातच विचारलं, "सर्दी कुणाची?" चाचा म्हणाले, नातीची. सर म्हणाले, मग घरी जा, आत आठ खाटांवर आठ नाजूक छात्या आहेत.

चाचांचा चेहरा पडला. पण ते घरी गेले नाहीत. समोरच्या चहाच्या टपरीबाहेर, रस्त्याच्या पलीकडं, खुर्ची टाकून बसले आणि तिथून नंबर पुकारायला लागले. "बाईस नंबर! जल्दी चल्ने का नइ, आइस्ता चल्ने का, दम लगता!" पेशंट रस्ता ओलांडून त्यांच्याकडं जायचे, चाचा त्यांना हातानंच परत पाठवायचे. ट्रॅफिक हवालदारानं येऊन चौकशी केली. तासाभरानं सर स्वतः बाहेर जाऊन रस्त्याच्या अलीकडूनच हात जोडून म्हणाले, चाचा, घरी जा. चाचा तिथूनच म्हणाले, "मेरे बिगैर चलेगा क्या?"

शेवटी गेले. पण चाललं नाही. त्या दिवशी एकाच्या गोळ्या दुसऱ्याला जाता जाता राहिल्या, आणि त्यासुद्धा मी पकडल्या म्हणून. चाचा चार दिवसांनी परत आले तेव्हा सर दाराशी उभे होते. त्यांनी नंबरांची वही चाचांच्या हातात ठेवली.

* * *

हा किस्सा हसायचा नाही, पण सोडून दिला तर बाकीचे खोटे वाटतील.

माझ्या आईला दमा आहे. मी दिवसभर खोकणाऱ्या माणसांत असते. घरी गेले की आधी हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, मग आईजवळ जायचं, असा माझा नियम. मागच्या वर्षी एका संध्याकाळी घसा खवखवत होता. म्हटलं, दिवसभर ओरडते, त्यानं असेल. आईला जेवायला वाढलं, तिच्याजवळ बसून मोबाईलवर लग्नाचे फोटो दाखवले, डोक्याला डोकं लावून.

तिसऱ्या दिवशी आई आमच्याच दवाखान्यात होती. मीच तिला ऑक्सिजन लावला. सर आले, त्यांनी तपासलं, आणि सवयीनं विचारून गेले, "सर्दी कुणाची?" मग माझ्याकडं बघितलं. मी लाल पेन घेतला आणि केसपेपरवर माझंच नाव लिहिलं. त्या दिवसापर्यंत मी कितीतरी सुनांना, नातवांना, मेव्हण्यांना दारात झापलं होतं. त्यानंतर माझा आवाज थोडा खाली आला. आई बरी झाली. ती आजही सगळ्यांना सांगते, की तिला त्या दिवशी दही बाधलं.

* * *

आता शेवटचा, आणि सगळ्यांत मोठा.

पूजाचा पदवीदान समारंभ ठरला, आणि तोही नेमका कडाक्याच्या थंडीत. मामा फ्लूची लस आधीच घेऊन बसले होते. शिवाय पंधरा दिवस आधी ते आपल्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे तिथल्या खोपटात, राहायला गेले. एकटे. मामी बांधावर भाकरी ठेवायच्या आणि मागं सरकायच्या, मग मामा येऊन घ्यायचे. गावची माणसं भेटायला बांधापर्यंत यायची आणि तिथून ओरडून बोलायची. मेव्हणेसुद्धा! मामा म्हणायचे, तीस वर्सं गर्दीत काढली, पंधरा दिस एकट्यानं काढायला काय जातंय. पण रोज संध्याकाळी मला फोन करायचे आणि अर्धा अर्धा तास बोलायचे.

समारंभाच्या आदल्या दिवशी ते लातूरला आले. सरांनी तपासलं. छाती साफ. मी मशीनवर फुंकायला लावलं, तर चार वर्षांतला सगळ्यांत चांगला आकडा आला. सरांनी चाचांना सोबत पाठवलं, वाफाऱ्याची मशीन बॅगेत देऊन.

पुढचं चाचांनी सांगितलेलं. नांदेडच्या बसमध्ये बसले. पहिल्या थांब्याला दोघं खोकत चढले, दुसऱ्याला आणखी एक. मामा मास्क लावून खिडकीपाशी होते. थोडा वेळ त्यांनी सहन केलं. मग उठून उभे राहिले आणि आपल्या जुन्या आवाजात म्हणाले, "खोकणारे मागं सरका, साधे पुढं या! चला, चला, मागं जागा हाय." आणि माणसं सरकली! कुणी विचारलं नाही की हे कोण, हे कशाला. तीस वर्षांचा आवाज होता तो. खरा कंडक्टर, एक तरणा मुलगा, तिकिटं देता देता थांबून बघत राहिला. नांदेड येईपर्यंत बसचा पुढचा भाग सगळा ठणठणीत माणसांचा झाला होता.

समारंभ झाला. पूजाचं नाव पुकारलं, ती स्टेजवर गेली, काळा गाऊन, डोक्यावर टोपी. चाचा म्हणाले, मामांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसते उभे राहिले, मागचे लोक बसा बसा म्हणत होते तरी उभेच राहिले.

मग बाहेर पटांगणात पूजा आली आणि दहा हातांवर थांबली. तोंडाला मास्क, डोळे लाल. तिला कालपासून सर्दी होती. तिनं तिथूनच वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आबा, जवळ नको येऊ." एवढं सांगून चाचा थांबले. पुढं काय झालं विचारलं तर म्हणाले, "मैं पानी लाने गया था." चाचांना खोटं बोलता येत नाही, म्हणून ते दुसरीकडं बघत बोलत होते.

चौथ्या दिवशी सकाळी मामा आले, धापा टाकत, पूजाच्या खांद्यावर हात ठेवून. आधीच सांगते, काळजी करू नका, लवकर आणलं म्हणून या खेपेला तीन दिवसांतच बरे होऊन घरी गेले. पण त्या सकाळी ओठ निळे होते आणि वाक्य एका दमात पुरं होत नव्हतं. मी त्यांना तीन नंबरच्या खाटेवर बसवलं. सर आले.

"मामा, सर्दी कुणाची?"

"बसमधल्या... एकाची," मामा म्हणाले.

चाचा छताकडं बघायला लागले. पूजा मास्कमधून म्हणाली, "नाही सर. माझी आहे."

"न्हाई साहेब... बसमधलीच. लई खोकत होता त्यो."

पूजानं मोबाईल सरांपुढं धरला. मीही वाकून बघितलं. फोटोत काळा गाऊन होता, टोपी मामांच्या डोक्यावर तिरपी बसली होती, दोघांचे मास्क हनुवटीवर, आणि गालाला गाल. मामा इतके हसत होते की दात नसलेली जागाही दिसत होती. पूजा रडत होती.

सरांनी फोटो बराच वेळ बघितला. मग मोबाईल परत दिला. ते चिडले होते, आणि सर चिडले की आणखी हळू बोलतात.

"मामा, पंधरा दिवस शेतात काढले. बसमधले खोकणारे मागं सारले. सगळं केलं. मग एक दिवस, फक्त एक दिवस, पोरीपासून लांब राहायला काय झालं होतं?"

मामांनी श्वास घेतला. अर्धाच आला. परत घेतला.

"चार वर्सं... लांबच हुतो की, साहेब."

वाफारा लावणं हे चाचांचं काम. पण त्या दिवशी सरांनी स्वतः औषध भरलं, मास्क मामांच्या तोंडावर बसवला आणि मशीन सुरू केली.